पैलवान दोरा आणि तांबडा मफलर

मला हे लिहायला बसवलंय सुनेनं. "मामा, बालवाडीचे किस्से कागदावर उतरवा की!" उतरवा म्हणे! तिसरीतनं शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात पेन दिलं आणि गेली स्वयंपाकाला. आता किस्से म्हणजे माळ्यावरची अडगळ. एक ओढला की बाकीचे डोक्यावर पडतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीची झाडलोट माझ्याकडं होती. सकाळी तिथल्या हॉलमध्ये बालवाडी भरायची. शोभाबाई पोरांना पुठ्ठ्यावर लोकर विणायला शिकवायच्या. पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे दोरे ताणायचे, मग आडवा दोरा एकाच्या वरून, एकाच्या खालून काढायचा. पण तीन-चार वर्षांची पोरं ती! वर कुठलं, खाली कुठलं, काय कळेना.

"बाई, सरका जरा," मी म्हणालो. "पोरांनो, हा दोरा म्हंजे पैलवान. एकाच्या छाताडावर बसतोय, दुसऱ्याच्या खाली घावतोय. चला! चित! पट! चित! पट!"

सगळी विणायला लागली. दोघं तेवढी पुठ्ठे टाकून एकमेकांच्या छाताडावर बसली!

*

मग बोटांवरचं विणकाम आलं. चार बोटांत लोकर गुंफत साखळी करायची. दिग्या नावाचं पोरगं साखळी बोटांतनं काढूच देईना. तसंच घरी गेलं. संध्याकाळी त्याची आई तरातरा आली.

"पोराला बांधून घालता व्हय? डाव्या हातानं जेवलं की!"

"मग सोडायचं, वैनी."

"सोडू देईना न्हवं! तालमीतल्या मारुतीला लांब शेपूट करायचंय म्हणतंय!"

*

एकदा लोकर संपली. बाई म्हणाल्या, "उद्या घरात असेल ती लोकर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी धनगराचा बिरू कोकरू घेऊन हजर!

"अरे, मी लोकर आणायला सांगितली होती!"

"आणलीया की बाई. काढायची ऱ्हायलीया."

त्या कोकरानं आखाड्याच्या तांबड्या मातीत जे करायचं ते केलं. झाडलोट कुणाकडं? माझ्याकडं!

*

तपासणीला साहेब आले. पोरांनी विणलेले तळहाताएवढे चौकोन टेबलावर मांडलेले. साहेबांनी एक उचलला.

"छान! काय आहे हे, बाळ?"

"पायपुसणं," रंजी म्हणाली.

"एवढंसं? कुणाचं?"

"मुंगीचं."

साहेब पोट धरून हसले. रंजी हसली नाही. "खाली ठेवा," म्हणाली. "ती यायची असंल!"

*

आता मफलर. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत कारभारणीनं, पारूबाईनं, मला तांबडा मफलर विणून दिलेला. उन्हाळा सोडला तर माझ्या गळ्यातनं निघायचा नाही. पोरांना नेमकी तांबडीच लोकर पाहिजे असायची. रंजी रोज मफलरचं टोक ओढायची, मी रोज ओरडायचो, "हात लावलास तर बघ!"

एकदा कारभारणीनं तो धुवायला म्हणून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तालमीत बघतो तर सगळ्या पोरांचे पुठ्ठे तांबडे! तो रंग मी आंधळा झालो तरी ओळखला असता.

"बाई, ही लोकर कुठली?"

"तुमच्याच घरची! वैनींनी उसवून, गुंडा करून दिली."

घरी गेलो. ही भाकरी थापत होती.

"माझा मफलर कुठाय?"

"तुमचा कसला? मी विणलेला त्यो."

"मला इचारायचं न्हाईस?"

"इचारलं असतं तर दिला असता?"

त्या रात्री मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

त्या आठवड्यात रंजीनं मला तालमीच्या पायरीवर बसवलं. "आजोबा, वाका." बाईंनी सगळे चौकोन जोडून पट्टा शिवला होता. कुठं भोक, कुठं गाठ, आणि गळ्याभोवती धड पुरेना. दोन्हीकडनं पोरं ओढायला लागली, "चित! पट! चित! पट!" माझा जीव जातोय आणि बाई टाळ्या वाजवतायत!

तसाच घरी गेलो. हिनं वरनं खाली बघितलं आणि म्हणाली, "माझ्यापरास बरा विणलाय."

मफलर मिळाला. माफी अजून मिळालेली नाही. आत्ताही समोर बसून शेंगा फोडतीय, पारूबाई!