फ्लॉरेन्सचा बिनमिठाचा पाव

लग्नाला तेरा वर्षं झाली, तेव्हा कुठे सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाला "छान" म्हटलं. करोनाचं तिसरं वर्ष, अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातलं आमचं स्वयंपाकघर आणि पदार्थ साधी तुरीची आमटी. तोपर्यंत त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी "खाण्यासारखं झालंय" ही होती, आणि तीही मला दोनदाच मिळालेली. आई, म्हणजे सासूबाई, नागपूरच्या, मी पुण्याची. मी आमटीत गुळाचा खडा टाकते हा त्यांच्या लेखी नुसता दोष नव्हता, आजार होता. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यामुळे आजारावर बोलायचा त्यांना हक्कही होता. मिठाचं तर विचारूच नका. भाजीवरचं झाकण काढलं की दारातूनच सांगायच्या, "कमी आहे गं." मी चाखून बघायचे आणि मुकाट्याने मिठाचा डबा उघडायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. मार्चमध्ये लेकीने शाळेतून करोना आणला आणि आठवड्याभरात आम्हा चौघांच्या टेस्टवर दोन-दोन रेघा उमटल्या. इथल्या आमच्या फॅमिली डॉक्टरने फोनवरच सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या. आईंना हा उपचारच वाटेना. त्यांनी घराचा वॉर्ड करून टाकला. स्वतःला ताप असतानाही सकाळी सातला हिंगाची डबी घेऊन फेरी निघायची आणि डबी एकेकाच्या नाकाशी धरली जायची. "येतो वास?" येतो म्हटलं की पुढचा पेशंट. नऊ वर्षांची लेक नाक दाबून डचमध्ये किंचाळायची, म्हणजे तिला वास येत होता.

आम्ही बरे झालो आणि "छान" सुरू झालं. आमटी छान, भेंडी छान, एकदा तर बुडाला लागलेली खिचडीही छान. मी आपण होऊन हरभऱ्याच्या झाडावर चढले. पुण्याला बहिणीला मुद्दाम फोन करून सांगितलं, "तेरा वर्षांनी का होईना, पावल्या गं!" नवरा म्हणाला, "आईचं आता वय झालंय." मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मे महिन्याची शाळेची सुट्टी लागली तेव्हा आईंना परत जायला दहा दिवस उरले होते. त्यांना एकदा इटली पाहायची होती, नवऱ्याला एक एक्सेल शीट बनवायची होती, दोघांचं जमलं. फ्लॉरेन्समधल्या पूर्ण दिवसाचे त्याने पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले होते. पाहायच्या जागा निळ्या, खायच्या जागा पिवळ्या. शीटमध्ये निळ्यापेक्षा पिवळंच जास्त होतं, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

सकाळची पहिली पिवळी चौकट कॉफीची. काउंटरपाशी उभं राहून प्यायची, बोटभर कपातली काळी कॉफी. मी एक घोट घेतला आणि कान गरम झाले. आई चहातसुद्धा दोन चमचे साखर घेणाऱ्या. गोडावर त्यांचा राग फक्त आमटीपुरता आहे. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, औषध घ्यावं तशी कॉफी एका दमात संपवली आणि मास्क परत वर केला. एव्हाना इटलीत रस्त्यावर फारसं कोणी मास्क लावत नव्हतं, पण आईंचा सुटला नव्हता.

"कशी आहे?"

"छान आहे."

मला वाटलं, प्रवासाला आलं की माणूस मोकळं होतं.

मग चौकातला तो प्रसिद्ध संगमरवरी नग्न तरुण. हा पुतळा म्हणजे नक्कल, अस्सल आत म्युझियममध्ये आहे, असं नवरा शीटमधून वाचून दाखवत होता. लेक तोंडावर हात दाबून खिदळत होती. मी आईंना जरा दुसऱ्या बाजूला वळवावं म्हणून त्यांचा दंड धरला.

"काय ओढून राहिली? मी काय पाहिलं नाही आयुष्यात?" त्या म्हणाल्या आणि पुतळ्याच्या हाताकडे बोट दाखवलं. "शिरा बघ कशा वर आल्यात. सलाइन लावायला असा पेशंट मिळाला तर नर्सचं भाग्यच."

नदीवरच्या जुन्या पुलावर सोन्याची दुकानं होती. तिथे त्यांनी मास्कच्या आतूनच "सोनं फिक्कं आहे" असा निकाल दिला. मोठ्या चर्चमध्ये मात्र हात जोडून, विहारात बसतात तशा, डोळे मिटून शांत बसल्या. शीटमधली वीस मिनिटं त्यात गेली आणि नवऱ्याची हूं की चूं करायची छाती झाली नाही.

दुपारी दोनला जेवायला बसलो. वेटरने आधी पावाची टोपली आणून ठेवली. भुका लागलेल्या, चौघांनीही एकेक तुकडा तोडला. पहिली प्रतिक्रिया लेकीची. "स्माक्ट नार निक्स!" म्हणजे कशाचीच चव नाही. नवऱ्याने चावता चावता कपाळाला आठ्या घातल्या. मीही थांबले. पाव दिसायला सुरेख, वरून खुसखुशीत, आणि आत मिठाचा कणही नाही. वेटरला आमच्या चेहऱ्यांची सवय असावी. हसून म्हणाला, आमच्या भागात पाव असाच असतो, पूर्वीपासून बिनमिठाचा, बरोबरचं बाकी सगळं खारट असतं ना.

नवऱ्याला चेव आला. "आता आपली एक्स्पर्ट सांगेल. आई, कसा आहे पाव? मीठ?"

आईंनी घास गिळला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, वेटरचं इंग्रजी मात्र कळलं नव्हतं. क्षणभर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर चोरायला बघावं तसं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छान आहे पाव."

नवरा आणि लेक खो खो हसले, त्यांना ती आजीची गंमत वाटली. माझा घास मात्र तोंडातच राहिला. भाजी, खिचडी, कॉफी, सगळे "छान" एका ओळीत आठवले. आणि ती हिंगाची डबी. रोज सकाळी ती सगळ्यांच्या नाकाशी गेली होती, पण आईंच्या नाकाशी ती कोणी धरलीच नव्हती. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी माझ्या आमटीचं वाईट वाटलं, लाज त्यानंतर वाटली.

जेवणानंतरची चौकट निळी होती, चर्चच्या घुमटावर चढायची. चारशेच्या वर पायऱ्या. आईंचे गुडघे तयार नव्हते, म्हणून बापलेक वर गेले आणि आम्ही दोघी सावलीतल्या दगडी बाकावर बसलो.

"आई, पावात मीठ नव्हतं."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच, तुझा चेहरा पाहून."

"कधीपासून?"

"तुमच्यासोबतच गेलं. तुमचं आलं, माझं नाही आलं. ना वास, ना चव. कागद खाल्ल्यासारखं वाटते."

"मग सांगितलं का नाही? मी तुम्हाला रोज विचारत होते, कसं झालंय..."

"अन् तू किती खूश व्हायचीस! काय सांगणार?" त्यांनी मास्क सारखा केला. "आणि माझ्या पोराला तू ओळखते. गॅस सुटला तर आईला वास येणार नाही, म्हणून मला नागपूरला एकटं राहू देईल का तो? मुंबईला लेकीच्या दोन खोल्यांत पाठवेल. मला माझ्या घरी जायचं आहे गं."

सासरे गेल्यापासून आई त्या घरात एकट्याच राहतात. तीस वर्षं लोकांचं दुखणं ऐकलेल्या बाईला स्वतःचं दुखणं दोन महिने एकटीने लपवावं लागलं, आणि मी मात्र कौतुक ऐकत बसले होते. मी त्यांचा हात धरला.

"पण गॅसचं खरंच आहे की, आई."

"माहीत आहे मला. नर्स आहे मी."

मग तिथेच ठरलं. मी नवऱ्याला सांगणार नाही, त्या स्वतः सांगतील. आणि नागपूरच्या ओट्यावरचा गॅस जाऊन विजेची शेगडी येईल. या दुसऱ्या अटीवर त्या, विजेवर पोळी फुगत नाही या कारणावरून, बराच वेळ भांडल्या.

शेवटची पिवळी चौकट आइसक्रीमची. आईंनी पिस्त्याचं घेतलं. दोनदा चाटून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच उलटा प्रश्न विचारला. "कसं आहे?"

मी त्यांचं आइसक्रीम चाखलं. "भाजलेला पिस्ता, वर खव्यासारखं दाट, अगदी स्वर्ग..."

"तिखटमीठ लावू नको. नीट सांग."

मी परत चाखलं. "गोड बेताचं आहे. पिस्ता जरा जास्त भाजलाय, मागून थोडं कडवट लागतं."

"हं," त्या म्हणाल्या आणि कोन चाटायला लागल्या. "आता कळलं."

त्यांनी विमानात सांगून टाकलं. स्खिपोल विमानतळावर उतरून बॅगांची वाट बघेपर्यंत नवऱ्याने नागपूरच्या पत्त्यावर शेगडी मागवली होती. मुंबईचा विषय त्याने काढला, पण आईंनी नुसतं बघितलं आणि तो संपला. पुढचे दिवस जेवताना मी प्रत्येक पदार्थाचा खराखुरा अहवाल देत गेले. स्वतःच्या स्वयंपाकाचे दोष मोठ्याने सांगायचे म्हणजे शिक्षाच. आमटी गोड झालीय हे मला माझ्याच तोंडाने कबूल करावं लागलं.

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना डबाभर पोह्यांचा चिवडा दिला.

फोनवर रोज विचारायचे, "जिभेला काही लागतं का?" रोज "नाही." मग विचारायचं सोडलं, कारण नाही म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. शेगडीवर पोळी फुगते, एवढंच त्या सांगायच्या.

जूनच्या शेवटी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. अवेळी फोन, म्हणून धावत बाहेर आले.

"चिवड्यात साखर घातली तू?"

"अं? हो."

"किती?"

"नेहमीइतकीच. आई, तो चिवडा अजून आहे?"

"रोज सकाळी एक चमचा खाऊन पाहून राहिले, डबी नाकाशी धरावी तसा. आज लागली. एवढी साखर कोण घालते गं चिवड्यात?"

काचेपलीकडून सहकारी खुणेने विचारत होते, सगळं ठीक ना. मी मान हलवली आणि डोळे पुसले.

"आई," मी शेवटी विचारलं, "कसा झालाय चिवडा?"

पलीकडे आणखी चमचाभर चिवडा चावल्याचा आवाज आला. त्यांनी अजिबात घाई केली नाही.

"खाण्यासारखा झालाय," आई म्हणाल्या.