औंदाची भाकणूक

"सूर्य विझणार, असं म्हणालास का न्हाईस?"

"म्हणालो. पर औंदाच विझणार असं म्हणालो न्हाई."

"औंदा न्हाई, असं तरी कुठं म्हणालास?"

धुळा भिंतीकडं तोंड करून बसला. सुलाबाईच्या हातातली चाती मात्र फिरत राहिली. पोराशी भांडताना तिचा लोकरीचा धागा कधी तुटत नसे.

बिरोबाच्या जत्रेत पुढच्या वर्षाची भाकणूक सांगायचा मान तिच्या घराचा. पाऊस कुठल्या नक्षत्राला, मेंढरावर रोगराई किती, हे तिचा नवरा बिराप्पा वीस वर्षं सांगत आला. गेल्या साली तो वारला आणि मान धुळ्याकडं आला. धुळा नुकताच लढाईवरून परतलेला. पलटणीत त्यानं खेचरं सांभाळली होती. तिथं इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या शिकलेल्या हवालदारानं त्याला सांगितलं, की एकेक करून सगळे तारे विझणार, आपला सूर्यही विझणार, आणि शेवटी सगळीकडं सारखाच गारठा. कुठंच ऊब नाही, म्हणून कसली हालचालही नाही.

जत्रेत ढोल थांबले, माणसं तोंडाकडं बघू लागली, तेव्हा धुळ्याला पावसाचं काही सुचेना. मनात जे घर करून बसलं होतं तेवढं बोलून तो देवळाच्या ओट्यावरून खाली उतरला.

बिरोबाची भाकणूक वर्षाची असते. वाडीनं ती वर्षाचीच धरली. आज सकाळी सगळ्यांची मेंढरं देवळापुढं गोळा झाली होती, लोणंदच्या बाजारात नेऊन विकायला. सगळ्यात पुढं नानासो, बिराप्पाचा भाऊ.

सुलाबाई कधीची म्हणत होती, जा आणि त्यांना सांग, की ते लय लांबचं हाय. धुळा जागचा हलेना.

"सांगून काय व्हणार, आये? आज इकली काय, उद्या इकली काय. शेवट त्योच हाय."

सुलाबाईनं शेवट एकदा ऐकला होता. दुष्काळाच्या साली खुद्द बिराप्पानं त्याच ओट्यावरून सांगितलं होतं, कळप बुडणार. बुडाला. दोन माद्या उरल्या. त्यांना घेऊन ती एकटी घाट उतरून कोकणाच्या अंगाला गेली. बिराप्पा सहा महिने तिच्याशी बोलला नाही. देवाचा शब्द मोडला म्हणून. आज दारातलं एकूणएक मेंढरू त्या दोघींच्या वंशाचं होतं.

"समदं गार पडणार म्हणतोस न्हवं?" ती म्हणाली. "मग लोकर लागंलच की."

धुळ्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. "चेष्टा न्हाई, आये. तवा पांघरायला मानूसच नसंल."

"आज हाय न्हवं?"

बाहेर नानासोची हाळी आली, कळप निघायची.

सुलाबाईनं चाती खाली ठेवली. खुंटीवरची बिराप्पाची घोंगडी काढून खांद्यावर टाकली, मग भंडाऱ्याची पिशवी घेतली. धुळा चटकन उठून दाराशी आला. त्या ओट्यावर आजवर बाई चढली नव्हती.

"आये, बाईमानसानं भाकणूक सांगायची? आन् तुझं ऐकणार कोण?"

सुलाबाईनं पिशवी कमरेला खोचली, त्याला बाजूला सारलं आणि देवळाची वाट धरली.