दुधाच्या पातेल्याच्या मापाची टोपी

आमच्या सासरच्या पुरुषांची डोकी मोठी. आत काय आहे ते विचारू नका, मी फक्त घेराबद्दल बोलतेय. माझ्या मोठ्या जावेला मुलगा झाला तेव्हा नर्सने आधी बाळाचं डोकं पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, धन्य आहे तुमची!" तोच मुलगा पुढे जहाजावर इंजिनात काम करायला गेला, आणि त्याच डोक्यापायी माझी जाऊ सगळ्या धर्मप्रांतात प्रसिद्ध झाली.

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या हाताखालची सगळी चर्चं. आमचा धर्मप्रांत बंदराच्या शहरापासून मागच्या डोंगरापर्यंत पसरलेला आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवणं, तुरुंगातल्या माणसांना भेटणं, अशी बरीच कामं तो अंगावर घेतो, आणि त्यातली निम्मी बायकांच्या अंगावर येऊन पडतात. बंदराच्या फाटकाशी आमचं एक खलाशी केंद्र आहे. तिथलं काम जाऊबाईंनी कसं घेतलं, ते सांगते.

जन्मभर त्या इस्पितळाच्या धोबीखान्यात होत्या. चादरी शिवायच्या, उशांचे अभ्रे रफू करायचे, डॉक्टरांच्या कोटांना बटणं लावायची. माझे मोठे दीर मुलगा शाळेत असतानाच गेले. जाऊबाईंनी धाय मोकलून रडून घेतलं आणि सुटी संपल्यावर पुन्हा चादरी हातात घेतल्या. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. रिकामं बसणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. आमचं घर एक, स्वयंपाकघर एक, त्यामुळे त्यांच्या रिकामपणाचा सगळा ताप मला. माझे डबे त्यांनी इतक्यांदा पुसले की वरचा रंग गेला.

अशात आमच्या चर्चच्या पाळकांनी उपासनेत जाहीर केलं की खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या हव्या आहेत. जहाजाच्या पोटात भट्टी आणि वर डेकवर कान तोडणारा वारा, म्हणून टोपी लागते. मी मनात म्हटलं, देव पावला. लोकर त्याच आठवड्यात घरात आली.

धर्मप्रांताच्या कचेरीतून टोपीचा नमुना छापून आला होता, किती टाके घालायचे, कुठून कमी करायचे. जाऊबाईंनी तो एकदा पाहिला आणि तेलाच्या बाटलीखाली ठेवून दिला. "डोकं काय कागदावर मोजतात?" त्यांचं माप ठरलेलं होतं. मुलगा पहिल्यांदा जहाजावर जाणार होता तेव्हा त्याची टोपी धुऊन त्यांनी दुधाच्या पालथ्या पातेल्यावर वाळत घातली होती, आणि ती तंतोतंत बसली होती. तेव्हापासून टोपी विणून झाली की पातेलं पालथं घालायचं आणि त्यावर चढवून पाहायची. बसली तर झाली. सैल झाली तर पुन्हा उसवायची. दूध तोवर माझ्या कढईत.

थंडीच्या आधी सगळ्या चर्चच्या टोप्या मोठ्या चर्चमध्ये येतात. वेदीच्या पायऱ्यांवर त्यांचा ढीग रचतात आणि बिशप त्यांवर आशीर्वाद मागतात. आमचे बिशप गमत्ये आहेत. त्यांनी ढिगातली एक टोपी उचलली आणि सगळ्यांसमोर डोक्यावर चढवली. टोपी डोळ्यांवरून, नाकावरून हनुवटीपर्यंत खाली आली. ते तसेच उभे राहिले. आतून आवाज आला, "दिवे गेले का?"

सगळं चर्च हसलं. टोपीतूनच त्यांनी विचारलं, "ही कुठल्या चर्चच्या मंडळीची?" सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. मी खाली बुटांकडे पाहत राहिले. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी आहे. टोपीत खोट नाही. त्या मापाचं डोकं आणा, मग बोला."

बिशपांनी टोपी काढली. त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. "आणतो," म्हणाले, "शोधतो आणि आणतो."

तर अशी ही बाई दर गुरुवारी मला घेऊन केंद्रात जायची. केंद्र म्हणजे एक लांबट खोली. फाटलेल्या कापडाचं बिलियर्डचं टेबल, बसलं की उठता येत नाही असा सोफा, भिंतीभर जगाचा नकाशा आणि कोपऱ्यात कायम उकळणारी किटली. खलाशी यायचे, घरी फोन लावायचे आणि भिंतीकडे तोंड करून बोलायचे, म्हणजे डोळे दिसू नयेत. जाऊबाईंना त्यांची भाषा येत नसे, त्यांना हिची येत नसे. तरी ही सगळ्यांशी मराठीतच बोलायची. "अरे, आईला सांग जेवलास म्हणून." चहा पुढे करायची, आणि निघताना टोपी स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवायची. कुणी तिची कड तीनदा दुमडायचं. एकाने तर टोपीत कांदे ठेवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते तिला टोपीआई म्हणायचे, आणि तेवढं मराठी प्रत्येक जहाजाला यायचं.

केंद्र चालवणारे आमचे बंदराचे पाद्री म्हणजे काडीसारखा माणूस. पाठीवर पिशवी टाकून दोराच्या शिडीने जहाजावर चढतात. त्यांचं निम्मं काम फोनवर असतं. कुठल्याशा देशात कुणा आईला मुलाची खबर नाही, म्हणून तिथला पाद्री यांना फोन करतो, हे जहाजावर जाऊन मुलाला शोधतात, आणि मग तो निरोप उलटा जातो. "हो, भेटलो मी त्याला. ठीक आहे तो." हे वाक्य जाऊबाईंनी किटली धरून किती वेळा ऐकलं असेल! दर वेळी पदराने डोळे पुसायच्या, कुठल्या परक्या मुलासाठी.

मग एकदा आमच्याच घरातला फोन गप्प झाला.

पुतण्याचा शेवटचा निरोप आला होता की जहाज एका लांबच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, मालक फोन उचलत नाही, आणि कुणाला किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. त्यानंतर काही नाही. दिवस गेले, आठवडे गेले. मी विचारलं की जाऊबाई म्हणायच्या, "आळशी आहे तो. चार्जर हरवला असेल." चर्चमध्ये समुद्रावरच्या लोकांसाठी प्रार्थना होते तेव्हा पाळक थोडं थांबतात, आणि ज्याला जे नाव घ्यायचं ते तो बसल्या जागेवरून घेतो. मी कोपराने ढोसलं तरी या तोंड उघडायच्या नाहीत. "संकटात असलेल्यांची नावं घ्यायची असतात. तो संकटात नाही."

पण हात खोटं बोलत नव्हते. एका सकाळी चहा करायला गेले तर त्या खिडकीशी विणत बसल्या होत्या आणि मांडीवरून काहीतरी लांबच लांब लोंबत होतं. टाके कमी करायचे विसरल्या होत्या. टोपीची बाही झाली होती. पातेलं ओट्यावर तसंच पडलं होतं. डोक्याचं माप जिला झोपेतही चुकलं नसतं, तिचं ते माप हरवलं होतं.

"जाऊबाई, बंदराच्या पाद्रींना सांगू या. त्यांचं कामच आहे ते."

"मुळीच नाही. केंद्र परक्यांच्या मुलांसाठी आहे. आपण तिथे चहा करायला जातो. चहा करणारीने आधी आपलाच कप भरायचा का?"

"अहो, पण त्या परक्या मुलांच्या आयांनी काय केलं? सांगितलंच ना कुणालातरी?"

"त्यांना कुणी नाही. मला मंडळी आहे." आणि वर मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, सांगशील तर बघ.

असा राग आला मला! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ही बाई तर वळसासुद्धा घ्यायला तयार नव्हती. कळसा काखेत घेऊन तहानेने मरायला बसली होती. आम्हा चर्चच्या बायकांना हा रोगच आहे. आयुष्यभर ताट वाढून वाढून आम्हाला पंगतीत बसायला लाज वाटते. मी दोन दिवस अबोला धरला. त्यांना तो कळलासुद्धा नाही, त्या इतक्या गप्प होत्या.

रविवारी बंदराचे पाद्री आमच्या चर्चमध्ये आले होते. दर रविवारी ते एकेका मंडळीत जाऊन केंद्राची माहिती देतात. प्रार्थना समुद्रावरच्या लोकांपाशी आली आणि पाळक थांबले. मी मनात म्हणत होते, शपथ गेली खड्ड्यात, आज मीच बोलते. तोंड उघडणार तोच शेजारून आवाज आला. जाऊबाईंनी उभं राहून मुलाचं नाव घेतलं. मग जहाजाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "देवा, तो कुठे आहे ते मला माहीत नाही," आणि मटकन खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला.

आमेन झाल्या झाल्या पाद्री मागच्या बाकावरून थेट आमच्याकडे आले. "ताई, हे कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. त्या स्वतःच बोलल्यावर शपथ सुटली होती.

त्या काडीसारख्या माणसाला मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "दर गुरुवारी तुम्ही माझ्या हातात चहा देता! मी तुमच्यासमोर जगभरच्या मुलांना शोधतो! आणि तुमचा मुलगा हरवला तर तुम्ही मला साखर किती विचारता?"

"तुमच्यावर आधीच कामाचा भार—"

"जहाजाचं नाव पुन्हा सांगा," ते म्हणाले. चर्चच्या दारातच उभं राहून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली.

जहाज सापडायला वेळ लागला नाही, पण पोचायला लागला. त्या लांबच्या बंदरातही कुणा बिशपांचा धर्मप्रांत होता, तिथेही एक केंद्र होतं आणि तिथेही एक पाद्री होता. पण समुद्र खवळलेला होता आणि होडी निघत नव्हती. इकडे जाऊबाई ती बाही उसवत बसल्या. उसवायच्या, गुंडाळायच्या, पुन्हा सोडायच्या. सगळी मंडळी आमच्याकडे येऊन जायची. कुणी सूप आणलं, कुणी पाव, आणि वाढणाऱ्या बाईला पहिल्यांदाच समोर बसून मुकाट्याने खावं लागलं.

गुरुवारी त्या हट्टाने केंद्रात आल्याच. किटली उकळत होती तेवढ्यात पाद्रींचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं, आणि फोन जाऊबाईंच्या हातात दिला.

फोटो होता. डेकवर पाण्याचे कॅन, पावांच्या पिशव्या आणि मधोमध आमचा पुतण्या. गाल बसलेले, दाढी वाढलेली, पण दात सगळे बाहेर. डोक्यावर एक लाल टोपी. ती डोक्याच्या टोकावर कशीबशी चढली होती आणि दोन्ही कान वाऱ्यावर उघडे.

जाऊबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. त्या म्हणाल्या, "टोपी लहान आहे."

मग त्या फाटक्या बिलियर्डच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. मीही रडले, पाद्रीही रडले, आणि दोन खलाशी, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं, तेही नाक पुसू लागले. किटली उतू गेली ती गेलीच. कित्येक आठवड्यांनी मला एकदम भूक लागली.

थोड्या वेळाने तिथल्या पाद्रींच्या फोनवरून पुतण्या बोलला. "आई, ठीक आहे मी. आम्हाला घरी पाठवायचं चाललंय. हे लोक मागे लागलेत. रडू नकोस."

"कोण रडतंय? कान झाक आधी. टोपी कुणी दिली?"

"इथल्या चर्चमधली एक बाई विणते म्हणे. सगळ्या अशाच इवल्याशा. इथे सगळे हसतात तिला."

जाऊबाईंचा चेहरा बदलला. "कुणी हसायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या मुलाचं डोकं लहान असेल." मग फोनवर हात ठेवून आमच्या पाद्रींना म्हणाल्या, "त्यांना विचारा ना, त्या बाईचा मुलगा कुठे आहे?"

विचारलं. तिथल्या पाद्रींनी किनाऱ्यावर त्या बाईलाच फोन लावला. मग उत्तर आलं की तोही समुद्रावर असतो, आणि बऱ्याच दिवसांत त्याचं काही कळलेलं नाही. त्या बाईने केंद्रात कुणाला सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला ती तिथे चहा करते.

आमचे पाद्री वही शोधू लागले तशा जाऊबाई कडाडल्या, "वही कसली शोधता? जहाजाचं नाव विचारा तिला!"

पुतण्या घरी आला तेव्हा ती लाल टोपी त्याच्या खिशात होती. जाऊबाईंनी ती धुतली आणि घरातली भांडी एकेक करून पालथी घातली. शेवटी ती चहाच्या पातेल्यावर बरोबर बसली. आता त्या एक टोपी दुधाच्या पातेल्यावर विणतात आणि एक चहाच्या. त्या बाईच्या मुलाचा शोध अजून चालू आहे. तो आमच्या बंदरात उतरला तर कान उघडे नकोत, म्हणतात. चहा मी कढईत करते.