चौकात वळलेल्या वाती

देव आहे की नाही या भानगडीत मी कधी पडलो नाही. ते खातं घरात बायकोकडं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, बेचाळीस वर्षं सदाशिव पेठेत सायकली दुरुस्त केल्या. चाक वाकडं असलं तर ते हाताला कळतं, देवाचं तसं हाताला काही लागत नाही, एवढंच माझं म्हणणं. तिची पूजा संपली, घंटी वाजली की पान वाढलं जायचं. म्हणून घंटी मला आवडायची. देवाशी माझा संबंध तेवढाच.

ती फाल्गुनात गेली, किडनीच्या दुखण्यानं. जाण्याआधी चार दिवस तिनं मला जवळ बोलावलं. पन्नास वर्षांचा संसार, मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलेल. ती म्हणाली, "अहो, माझ्या लक्ष वाती राहिल्यात. थोड्याच आहेत. वैशाखी पौर्णिमेला महादेवापुढं लावा. मी बोललेय त्याला." मी हो म्हणालो. जाणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? लक्ष वाती म्हणजे कापसाच्या एक लाख वाती हातानं वळायच्या, तेलातुपात भिजवायच्या आणि देवापुढं एकदम पेटवायच्या. दोन वर्षं ती टीव्हीपुढं बसून वाती वळत होती, शंभराशंभराच्या जुड्या बांधून बिस्किटांच्या डब्यांत भरत होती. तेराव्यानंतर मी डबे उघडले आणि जुड्या मोजल्या. 'थोड्याच' म्हणजे अकरा हजार वळायच्या बाकी निघाल्या. मंडईत निघतानाही ती 'थोडंच आणायचंय' म्हणायची आणि येताना माझे दोन्ही हात तुटायचे. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग लॉकडाऊन लागला. मुलगी वाघोलीला राहते, एरवी तासाभराची वाट. पण पेठा पत्रे ठोकून बंद झाल्या आणि वाघोली अमेरिकेइतकी लांब गेली. ती फोनवर रडायची, मी इकडं "रडू नको, भाजी कशी करायची ते सांग" म्हणायचो. घरात दोन खोल्या, मी आणि कापसानं भरलेला उशीचा अभ्रा. सकाळी चहा टाकताना दोन कप पाणी जायचं. दुसरा कपही मीच प्यायचो, नाहीतर ओतून देताना तिचा आवाज ऐकू यायचा, "साखर फुकट घालवली."

आता वात वळण्याविषयी. दिसायला सोपं असतं. बोटांना चिमूटभर राख लावायची, कापूस ओढायचा, पीळ द्यायचा. पण माझ्या बोटांना जन्मभर पाना आणि ग्रीस. सायकलची चेन मी डोळे मिटून बसवतो, पण पहिली वात वळायला मला अर्धा चहा लागला, आणि ती वात नव्हतीच, सुरवंट होता. मी रोज बसत होतो आणि रोज शिव्या देत होतो. तिला नाही, देवाला. तुला एक लाख वाती कशाला लागतात? एकीनं अंधार जात नाही का? आणि एवढ्या वळून घ्यायच्या होत्या तर जिच्या बोटांत कसब होतं तिला का नेलंस? मी वळत राहिलो.

वरच्या मजल्यावर दातार राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त, माझ्याच वयाचे. लॉकडाऊनमध्ये त्यांनी स्वतःला आमच्या गल्लीचं सरकार नेमलं होतं. दिवसभर गॅलरीत उभे. कोणी बाहेर पडला की वरून आवाज, "अहो, कुठं निघालात? विषाणू काय तुमच्या सासरचा आहे, सोडून द्यायला?" मी खाली कचरा टाकायला गेलो तरी ते घड्याळ बघायचे. एकदा म्हणाले, "सायकलवाले, दोन मिनिटांचा कचरा, पाच मिनिटं लागली." मी म्हटलं, "कचऱ्याशी जरा बोलत होतो. तो तरी उलट बोलत नाही."

पौर्णिमेला तीन दिवस राहिले आणि कापूस संपला. जुड्या मोजल्या तर अजून जवळजवळ पाच हजार वाती बाकी. तिची उशी कापसाचीच होती, पण ती उसवायला हात धजावला नाही. तिच्यावर तिच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो. हात जोडले नाहीत. सरळ म्हटलं, "हे बघ, माझ्यानं होत नाही. मी सायकलवाला आहे. तिनं तुला शब्द दिला, मी तिला दिला. मी तर खोटा पडणारच, पण ती खोटी पडू नये. तुझं तू बघ." आणि भात लावायला गेलो. एवढीच माझी प्रार्थना.

सकाळी मुलीनं शिवायला सांगितलेला मास्क लावला. तो बायकोच्या खणाच्या ब्लाउजपिसाचा होता, लाल, जरीच्या काठाचा. दुसरं कापड घरात सापडलं नाही. चौक ओलांडून मेडिकलमधून कापसाचे होते तेवढे गुंडाळे घेतले. येताना चौकात पोलिसांनी अडवलं. एक पोलीस बाई होत्या. टोपी, मास्क, त्यावर प्लॅस्टिकची काच. दिसत होते ते फक्त डोळे. शेजारी खडूचे गोल काढलेले आणि विनाकारण फिरताना सापडलेले दहा-बारा लोक त्यांत बसवलेले.

"आजोबा, पिशवीत काय?"

"कापूस."

"एवढा? कुठं लागलंय तुम्हाला?"

"मला नाही लागलं. बायको गेली."

पुढं मला काय झालं कळलं नाही. दीड महिना मी कुणाशी समोरासमोर चार वाक्यं बोललो नव्हतो. त्या भर चौकात मी त्यांना सगळं सांगितलं. अकरा हजार, सुरवंट, महादेव, परवाची पौर्णिमा. बाई काचेमागून ऐकत होत्या. मला वाटलं आता म्हणतील, घरी जा. त्या वळल्या, गोलांत बसलेल्या माणसांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, कापूस तुमच्याकडं आहे. माणसं आणि वेळ आमच्याकडं आहे." मग आवाज चढवून, "सगळ्यांनी हात पुढं करा! सॅनिटायझर घ्या! आज उठाबशा नाहीत. आज वाती."

असा तमाशा मी आयुष्यात पाहिला नाही. एक जण तीन दिवस तोच रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन फिरताना सापडला होता. एका बाईंकडं डॉक्टरची चिठ्ठी होती, ती कुत्र्याची निघाली, आणि कुत्रा घरीच. एक कंपनीतला पोरगा म्हणाला, "मॅडम, माझं वर्क फ्रॉम होम आहे, अकराला मीटिंग आहे."

"मग होममध्येच राहायचं होतं. ओढा कापूस."

बाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि हातमोजे काढून पहिली वात वळून दाखवली. एका पिळात, सरळ. "साहेब," सिलिंडरवाला म्हणाला, "माझा तर दोरखंड झाला." मी माझी पहिली वात आठवून म्हटलं, "चालेल. महादेवाला सापांची सवय आहे." सगळे हसले. दीड महिन्यात मी पहिल्यांदा कुणाला हसवलं होतं.

तेवढ्यात अजून एक माणूस सापडला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात फिरायचे बूट, पिशवीत कढीपत्त्याची एक काडी. दातार! ते मला पाहून मास्क डोळ्यांपर्यंत ओढायला लागले. मी खुर्चीतून विचारलं, "काय दातार, विषाणूला सासरी सोडायला निघालात?"

"ही औषधी वनस्पती आहे," ते बाईंना म्हणाले. "आणि वाती वळायला लावणं हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियमात राहू दे, तुम्ही गोलात बसा."

दातार बसले. नाक मुरडत कापूस हातात घेतला आणि मी बघतच राहिलो. एकसारख्या, बारीक, लांब वाती. मशीनवर काढल्यासारख्या. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "आई आंधळी होती माझी. शाळेतून आलं की तिच्या वाती मी वळायचो." एवढं बोलून परत कडक झाले आणि सिलिंडरवाल्याला म्हणाले, "अहो, तो दोरखंड सोडा. इकडं बघा, असा धरा."

त्या दिवशी उन्हं तापेपर्यंत काम झालं. दुसऱ्या दिवशी नवी माणसं सापडली. पुण्यात ती रोज सापडतात, त्याला देवाची गरज लागली नाही. उरलेला कापूस मी दातारांना दिला. पौर्णिमेच्या सकाळी खिडकीसमोर दोरीनं टोपली खाली आली. भाजीवाल्यासाठी ते सोडायचे तीच. आत बावीस जुड्या, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या, आणि वरून आवाज, "मोजून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही." मी मोजल्या. लाख पुरे झाले होते.

गल्लीतलं महादेवाचं देऊळ बंद होतं, पण गुरव मागंच राहतात. त्यांनी मागच्या दारानं दोन मिनिटं आत घेतलं आणि नियम म्हणून माझ्या हातांवर बदाबदा सॅनिटायझर ओतलं. हात असे स्पिरिटानं ओले आणि समोर तेलात भिजलेल्या लाख वाती. म्हटलं, थांबा बाबा, हात वाळू दे, नाहीतर वातींआधी मीच तिच्याकडं जायचो. वाती ठेवल्या त्या माझ्या दुकानातल्या घमेल्यात. बेचाळीस वर्षं त्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून मी पंक्चर शोधली. दुसरं एवढं मोठं भांडं घरात नव्हतं. काडी लावली. आधी एका कडेनं, मग सगळं एकदम. तिच्या वाती, माझे सुरवंट, सिलिंडरवाल्याचे दोरखंड, दातारांचं मशीनकाम, सगळ्यांचा जाळ एकच झाला. त्यात कुठली वात कुणाची ते देवालाही निवडता आलं नसतं. मला बोलायचं होतं, पण "झाल्या गं" एवढंच तोंडातून आलं. आणि हात जोडलेले होते. ते कधी जोडले गेले, मला माहीत नाही.

खडीसाखर घेऊन चौकात गेलो तर त्या बाई नव्हत्या. तिथला हवालदार म्हणाला, "आजोबा, इथं रोज नवी ड्यूटी. कोण होत्या, नाव काय?" नाव मी विचारलंच नव्हतं. चेहरा पाहिला नव्हता. वाती वळताना पाहिलेली बोटं आणि ते डोळे, एवढीच ओळख. खडीसाखर मी हवालदाराला दिली.

मी कुणाला चमत्कार झाला म्हणून सांगत नाही. पोलीस होते, कापूस होता, उनाड माणसं होती. पण मी 'तुझं तू बघ' म्हणून भात लावायला गेलो आणि त्यानं बघितलं, एवढं मात्र घडलं. आयुष्यभर मला वाटायचं, नट आपण आवळला तरच आवळला जातो. माणसानं आपले सुरवंट वळत राहावेत आणि पुढचं त्याच्यावर टाकावं, हे मला तिनं पन्नास वर्षं सांगितलं आणि शेवटी कामाला लावून शिकवलं. आता तर मला शंका येते की अकरा हजार तिनं मुद्दाम ठेवल्या. रिकाम्या घरात मी रिकामा बसलो असतो तर काय झालं असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सगळ्यांचे मास्क निघाले तशी माझी पंचाईत झाली. इतक्या पोलीस बाई, त्यातल्या त्या कोणत्या? म्हणून मी आता चौकात दिसेल त्या प्रत्येकीला थांबून नमस्कार करतो. बहुतेकजणी हसतात. दोघींनी मला लायसन्स विचारलं. मी म्हटलं, "बाई, सायकल आहे." त्यांनी जाऊ दिलं. मी परत एकदा नमस्कार केला.