कडेची निशाणी

कमलताई नागापूरकर यांची माझी पहिली भेट झाली ती त्यांनी माझं काम परत आणलं म्हणून. परळीत माझं पुस्तकबांधणीचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे वाचलं ते बांधायला आलेल्या पुस्तकांत, खळ वाळेपर्यंत. संग्रहालयाच्या शिपायानं माझ्याकडून एक जुनी वही शिवून नेली, आणि दुसऱ्या दिवशी ताई स्वतः ती घेऊन दुकानात हजर. म्हणाल्या, "सदाशिवराव, टाका फार घट्ट घातलात. जुना कागद म्हणजे म्हातारं माणूस, त्याला अंग हलवायला जागा ठेवा." मनात आलं, आता ही बाई मला दाभण धरायला शिकवणार. पण टाके उसवले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी संग्रहालयाचा दप्तरखाना हाती घेतला होता. लोक यायचे ते मूर्ती आणि वीरगळ बघायला. लाल रुमालांत बांधलेल्या मोडी आणि उर्दू कागदांकडे कोणी फिरकत नसे. आमच्या गावात दारं-खिडक्या लावल्या तरी वीज केंद्राची राख आत येतेच. ताई रोज सकाळी मऊ कुंचल्यानं ती झाडत, मगच बाकीचं काम. प्रत्येक रुमालात वेखंडाची पुरचुंडी, आणि गाठ नेहमी सुरगाठ. शिवाय एक नियम होता: कागदाचा केर थेट बाहेर जायचा नाही. तो पिशवीत भरायचा आणि कोणत्या कागदाचा ते वर लिहून ठेवायचं. शिपाई आणि मी मागं हसायचो, "ताईंकडं केराचंबी दप्तर हाय." त्याच नियमानं पुढं माझी अब्रू राखली.

एकदा ताईंनी सुट्या करारांचा एक रुमाल माझ्याकडे दिला. फाटलेलं जोडायचं आणि सगळे एकत्र शिवायचे. उजव्या कडेला कुठं नांगर काढलेला, कुठं कातर, कुठं तागडी. मला वाटलं, कोण्या कंटाळलेल्या कारकुनानं बसल्या बसल्या रेघोट्या ओढल्या असतील. बांधणाऱ्याचा जीव सरळ कडेत. पानं मशिनीत धरली आणि बोटभर कड उतरवली. नियमाप्रमाणं कातरण पिशवीत भरून वहीबरोबर नेऊन दिलं. वही अशी देखणी झाली होती की मीच दोनदा हात फिरवला.

ताईंनी वही उघडली आणि त्या खाली बसल्या. "सदाशिवराव, ही माणसं होती," म्हणाल्या. "ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपापलं हत्यार काढायचे. कुणब्याचा नांगर, मेंढपाळाची कातर. तुम्ही त्यांच्या सह्या कापल्यात." मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. ताईच पुढं म्हणाल्या, "कापू नका असं मी सांगायला हवं होतं."

त्याच आठवड्यात धर्मापुरीकडच्या एका गावचे मेंढपाळ भिवाजी आले. त्यांच्या गावच्या बारवेजवळ दगडी डोण आहे. तिच्यावर मेंढरांना पाणी पाजायचा त्यांचा पिढ्यांचा हक्क. आणि आता गाव तिथं कुंपण घालायला निघालं होतं. "ताई, आजा सांगायचा, कागूद झालता म्हणून. न्हाई गावला तर उन्हाळ्यात मेंढरं कुटं न्यावी आमी?"

कागद होता, माझ्याच वहीत. पण साक्षीदार कापलेले.

भिवाजी गेल्यावर मी हळूच म्हटलं, "ताई, आहे तेवढ्याची नक्कल देऊन टाका. कड होती हे कोणाला ठाऊक?"

"तुम्हाला आणि मला," ताई म्हणाल्या. "दोघं पुष्कळ झाले."

मग पिशवी उपडी केली. पट्ट्या शेकडो. ओळख पटवली ती कागद पोखरणाऱ्या कसरीनं. तिनं पाडलेलं भोक कापताना दुभंगलं होतं. अर्धं पानावर, अर्धं पट्टीवर. ते अर्धुक जुळवत ताई कित्येक दिवस बसल्या. जन्मभर कसरीला शिव्या घातल्या, शेवटी तीच साक्षीला आली. जोडताना मी चहाच्या पाण्यानं कागद रंगवून सांधा लपवणार होतो. ताईंनी हात धरला. "जोड दिसू द्या." आणि शेजारी लिहिलं: दुरुस्तीत कड कापली गेली, पुन्हा जोडली, जबाबदारी माझी. खाली त्यांची सही. माझं नाव कुठं नाही.

ग्रामपंचायतीच्या बैठकीला ताई कागद घेऊन गेल्या, मीही बरोबर होतो. कुंपणाचा हट्ट धरणारे नाना, गावचे मोठे जमीनदार, समोरच बसले होते. त्यांचा पुतण्या म्हणाला, "हे तर चिकटवलेलं हाय."

"चिकटवलेलंच आहे. तसं लिहूनही ठेवलंय," ताई म्हणाल्या आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. सांध्यावरची भोकं एकजात गोल दिसली. मग त्यांनी साक्षीदारांची नावं वाचली. एका नावाशी नाना उठून जवळ आले. ते त्यांच्या पणज्याचं होतं, पुढं नांगर. नानांनी त्या नांगरावर बोट ठेवलं.

"हिकडं बघ बे," ते पुतण्याला म्हणाले. "आपल्या पणज्यानं हातानं नांगर काढलाय. त्यानं हो म्हणलं, अन् मी न्हाई म्हणू? कुंपण घाला, पन डोणीकडं फाटक ठेवा. कुलूप न्हाई लावायचं."

"नाना, तुमच्या नांगराशेजारीच आमची कातर हाय की," भिवाजी म्हणाले.

"हाय. पन लई वाकडी काढलीय तुझ्या म्हाताऱ्यानं."

परतताना मी विचारलं, "ताई, माझं नाव का नाही लिहिलं?" म्हणाल्या, "कातरण फेकलं असतंत तर लिहिलं असतं."

पुढं त्यांनी मला मोडी शिकवली. मी सुईत दोरा चाचपून ओवतो हेही त्यांच्याच नजरेला आलं. मोतीबिंदू काढायला त्याच घेऊन गेल्या आणि बाहेर बाकावर बसून राहिल्या. कारण सांगितलं ते असं: "तुमची वळणं अजून कच्ची आहेत, डोळे लागतील."

ताईंना पंचाहत्तर वर्षं पुरी झाली, म्हणून त्यांचा हा गौरवग्रंथ निघतो आहे. कुंचला अजून हातात आहे. त्यांची नजर अशीच धडधाकट राहो, गुडघे दप्तरखान्याच्या पायऱ्यांशी भांडू नयेत, आणि शंभरीपर्यंतचे दिवस त्यांच्या सुरगाठीसारखे सैल, पण आपसूक न सुटणारे जावोत.

सही करता येते मला, तरी या पानाच्या उजव्या कडेला माझी निशाणी म्हणून एक दाभण काढून दिला आहे. हा ग्रंथ जो कोणी बांधील त्या माझ्या भावाला एवढीच विनंती, कड उतरवताना जरा सांभाळावं.