कमी अक्षरांचं काम

नवऱ्याचा आजार बरा होणारा नाही, असं पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही तिथलं घर सोडून बेंबळीला आलो. गावात सासरे एकटेच होते. त्यांना मी मामा म्हणते, हे अण्णा म्हणतात. हे एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे आणि ते काम घरून करता येत होतं. उजवा हात तोवर गेलाच होता. डाव्या हाताची दोन बोटं चालत होती, तीही दुपारपर्यंतच.

त्यांचं सगळं काम टर्मिनलच्या काळ्या खिडकीत, लांबलचक कमांड टाइप करून चालायचं. बोलून लिहून घेणारं सॉफ्टवेअर आणून पाहिलं. पण जीभही जड होत चालली होती, त्याला यांचे शब्द कळेनात. चिडून त्यांनी माइक बाजूला सारला.

एका सकाळी म्हणाले, "अगं, टॅबचं करू या. मी सांगतो, तू लिही."

दोन अक्षरं टाकून टॅबची कळ दाबली, की टर्मिनल उरलेला शब्द स्वतः पुरा करतं. फाइलींच्या नावांचं हे आपोआप होतं. पण कंपनीच्या स्वतःच्या कमांडपुढं कोणते शब्द येऊ शकतात, हे टर्मिनलला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहायचं होतं. मी शाळेत गणित शिकवलेलं. फंक्शन मला वहीतलं ठाऊक, हे नव्हे. ते तुटक तुटक सांगत, मी लिहून वाचून दाखवी, ते मानेनं नको म्हणत. कंस कुठं, जागा कुठं सोडायची, कुठं अजिबात सोडायची नाही. कितीतरी सकाळी त्यात गेल्या.

शेवटी टॅब दाबली आणि शब्द पुरा झाला. मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी नवी खिडकी उघडली, तर तिला काहीच आठवेना. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडतेस काय," ते म्हणाले. "सुरू होताना ती जी फाइल वाचते, तिच्यात आपल्या फंक्शनच्या फाइलीचं नाव घालायचं राहिलं."

तेवढी एक ओळ घातली. मग एक अक्षर, टॅब, एक अक्षर, टॅब, असं करत त्यांनी अख्खी कमांड उभी केली आणि एंटर दाबलं. आजारपणात त्यांचा तसा खुललेला चेहरा मी तेव्हाच पाहिला.

मामा रोज सकाळी आमच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेत. ओट्यावर कुणी मोठ्यानं बोललं, की दबक्या आवाजात म्हणत, "हळू बोला, लेक कामावर हाय."

असं थोडेच दिवस चाललं. मग एका दुपारी ते घडलं. दोन सर्व्हरची नावं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी होती. टॅब तिथवर आणून सोडायची, पुढचा आकडा आपण टाकायचा. एक नंबरचा सर्व्हर चाचणीचा, दोन नंबरचा ग्राहकांचा. त्या दिवशी एक नंबरचा बंद करायचा होता. बोट घसरून शेजारच्या कळेवर पडलं आणि दुसरं बोट एंटरवर. ग्राहकांचं काम बंद पडलं. ते पुन्हा चालू करायला जी कमांड हवी होती, ती लिहायला त्यांची बोटं उठेनात. मी पुढं झाले, तर त्यांना शब्द सांगता येईना. शेवटी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून कुणीतरी ते सावरलं.

साहेब फोनवर रागावले नाहीत. खूप मऊ बोलले. आता आराम करा म्हणाले. कंपनीचा लॅपटॉप परत गेला.

"अण्णांना सांगू नको," ते मला म्हणाले.

म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी ते फंक्शन घातलं. मामा दार ओढून घेत आणि हे आत बसून टॅब दाबत. सर्व्हरची नावं पूर्वीसारखीच पुरी होत. पण मागं काहीच नव्हतं. एंटर दाबलं, की अशी कमांडच नाही, एवढंच उत्तर येई. पुढं पुढं ते एंटर दाबेनासे झाले. मी शेजारी भाजी निवडत बसे आणि पडद्याकडं बघायचं टाळत असे.

एक दिवस त्यांनी बराच वेळ बोट कळेवर ठेवलं. दाबलं जाईना. मी हात पुढं केला.

"नको," ते म्हणाले. मग बोट कळेवरून मागं घेऊन, "काढून टाक ते."

"सगळं?"

त्यांनी डोळे मिटून होकार दिला. मी फाइल पुसली. त्यांनी ती पुसताना पाहिली.

"अण्णांना सांग आता."

मामा अंगणात शेळीला पाला टाकत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातला पाला तसाच धरून ठेवला. "मंग आता त्यो दिसभर काय करंल गं?" त्यांनी विचारलं.

हे आता भिंतीकडं तोंड करून पडून असतात. मी सकाळी कूस बदलून देते, संध्याकाळी पुन्हा बदलते.