भोंग्यातलं वानर

तराईतल्या त्या जंगलात आम्हाला वाघ दिसलाच नाही. दर पावसाळ्यात नदीच्या पाण्याखाली जाणारा, हत्ती लपेल एवढ्या उंच गवताचा तो मुलूख. सकाळच्या धुक्यात जिप्सी थांबली, गाइडने बोट वर केलं आणि वाघ-बिबट्या दिसला की वानरं इशारा देतात, तसं झाडावरून एक वानर ओरडलं. खक्, खक्. मग चितळ. मग काहीच नाही. गवत अगदी हाताशी होतं आणि त्यात काहीतरी उभं आहे, हे जिप्सीत सगळ्यांनाच कळत होतं. मी फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड केला. बोलावं लागू नये म्हणून मी एरवीही फोन हातात धरते.

तिथून आल्यावर काही आठवडे मी टेंभुर्णीजवळ काका-काकूंकडे राहिले. लॅपटॉपवरचं काम कुठूनही होतं.

“आमच्या म्याडम वाघ पाहायला गेल्त्या,” काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “अन् गवत पाहून आल्या.”

हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरत होत्या. त्यांना हाकलायला आमच्याकडे शेतात भोंगा बांधतात आणि त्यावर वाघाची डरकाळी लावतात. पण ती डरकाळी सगळ्या शिवारात इतकी वाजली होती, की रोही भोंग्याखालीच निवांत चरायच्या. काकांनी माझं रेकॉर्डिंग ऐकलं आणि भोंग्यावर चढवलं. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने.

पहिल्याच संध्याकाळी नदीकाठच्या चिंचेवरची आमची वानरं शेंड्याला गेली. भोंगा ओरडला की तीही ओरडायची आणि खाली काहीतरी शोधत राहायची. रोही त्या दिवसापासून फिरकल्या नाहीत. काका खूश होते.

काकू रोज उजाडताना एकटीच नदीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, म्हशींचं दूध काढायला जायची. गेल्या वर्षी तिथूनच बिबट्याने रेडकू नेलं होतं. तेव्हापासून म्हशी लोखंडी जाळीच्या आत असतात, पण काकूला बांधावरून उतरून तिथवर जावंच लागायचं. उतरण्याआधी ती चिंचेकडे बघायची. वानरं अंग खाजवत बसलेली दिसली, की ती उतरायची. हे ती कधी बोलली नव्हती. मी रोज गच्चीवरून बघत असे.

मग वानरं चिंच सोडून गेली. मागोमाग मोर ऐकू येईनासे झाले. शेत त्या गवतासारखं गप्प झालं. जो वाघ मला तिथे दिसला नव्हता, तो जणू रोज संध्याकाळी आमच्या हरभऱ्यात येऊन उभा राहू लागला.

एका सकाळी काकू रिकामी बादली घेऊन घरी परतली.

“आता कोनाकडं पाहून उतरू?”

“भोंगा हाय ना,” काका म्हणाले.

“भोंग्याला काय दिसून राह्यलं?”

“रोही गेल्या का न्हाई? हरभरा वाचला. मंग?”

“मंग तुम्हीच काढा दूध.”

काका गेले. पण म्हैस काकूशिवाय कुणाला पान्हवत नाही. तिने काकांची बादली लाथेने उडवली, दुसऱ्या दिवशी काकांनाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच भोंगा उतरवला.

“म्हैसबी तुझ्याच पार्टीची,” ते काकूला म्हणाले.

भोंगा गेला, पण वानरं आली नाहीत. मी काकूबरोबर जाऊ लागले. आम्ही दोघी बांधावर थांबून रिकाम्या चिंचेकडे बघायचो आणि घाईघाईने उतरायचो.

एकदा नदीवरून धुकं चढलं होतं. चिंचेचा नुसता काळा आकार दिसत होता. आम्ही बांधावर पोचलो आणि समोरून आवाज आला. खक्.

काकूने माझं मनगट धरलं. “भोंगा?”

मी नकारार्थी मान हलवली. भोंगा घरी खुंटीला टांगलेला होता.

पुन्हा, खक्. माझ्या फोनमधल्यासारखाच, मधली शांतताही तेवढीच लांब. जाळीच्या आत म्हशींनी रवंथ थांबवलं होतं. सगळ्यांची तोंडं नदीतल्या लव्हाळ्याकडे होती. लव्हाळं हलत नव्हतं. मी तिथे बघत राहिले आणि तिथूनही कुणी माझ्याकडे बघतंय, असं वाटत राहिलं.

आम्ही पाठ न फिरवता मागे सरलो. रस्त्याला लागल्यावर काकूने माझं मनगट सोडलं. तिचा चेहरा कित्येक दिवसांत नव्हता इतका मोकळा दिसत होता.

“वानरं आली बाई,” ती म्हणाली. “आज दूध ऱ्हाऊ दे.”